दगडाचे कूळ आणि दाराशा वाडिया

गेल्या वर्षी भूगोलाच्या सहलीत आम्ही फोर्टमधील वस्तुसंग्रहालय पाहायला गेलो होतो. पूर्वी त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत, आता ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. मूर्ती, चित्रे, हत्यारे सर्व पाहून झाले आणि आम्ही डबे सोडण्याच्या विचारात असताना आमच्या प्राध्यापकांनी सर्वांना बागेत उभे करून इमारतीच्या भिंतीकडे पाहायला सांगितले. त्यातला काळसर दगड कुर्ल्याचा आणि पिवळसर दगड मालाडचा आहे, असे ते म्हणाले. मी चमकलो. माझे आजोबा मालाडच्या खाणीत दगड फोडीत असत. ही इमारत त्यांच्या जन्माआधीची, तेव्हा तिच्यात त्यांच्या हातचा दगड असण्याचा प्रश्न नाही. पण ज्या दगडाने आमच्या घरात पोटाला भाकरी आणि आजोबांना खोकला दिला, तो दगड इतक्या मानाने उभा असेल असे मला कधी वाटले नव्हते.

घरी येऊन आजोबांना हे सांगितले. त्यांना फारसे नवल वाटले नाही. काळा दगड घणाखाली कसा वाजतो आणि पिवळा कसा, हे मात्र त्यांनी मला बराच वेळ सांगितले. शेवटी त्यांनीच विचारले की एकाच गावच्या जमिनीत दोन जातींचे दगड येतात कुठून. मला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी सरांना विचारला. ते म्हणाले की हा प्रश्न साधा नाही. जगातल्या मोठमोठ्या पर्वतांतील ग्रॅनाइटबद्दल हाच प्रश्न भूशास्त्रज्ञांनी दीडदोनशे वर्षे एकमेकांना विचारला आहे. मग त्यांनी ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हाती दिले. पुस्तकाचे नाव होते ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ आणि लेखक डी. एन. वाडिया. पहिली चार पाने वाचायला मला, शब्दकोश उघडा ठेवून, तीन संध्याकाळ लागल्या. परंतु पुस्तकापेक्षा ते लिहिणाऱ्या माणसाबद्दलच मला अधिक कुतूहल वाटू लागले. त्या कुतूहलातून जे वाचले, ते या लेखात मांडीत आहे.

दाराशा नोशेरवान वाडिया यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरतेस झाला. सुरत म्हणजे काही परका मुलूख नव्हे. त्या काळी ती मुंबई इलाख्यातच होती, आणि आजही मालाडवरून धडधडत जाणाऱ्या गाड्या त्याच रुळांवरून सुरतेला पोचतात. वाडिया हे आडनाव जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध पारशी घराण्याचे. पण दाराशांचे वडील रेल्वेत, एका लहानशा स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. तिथे चांगली शाळा नव्हती, म्हणून मुलाला सुरतेला आजोळी आजीकडे ठेवले. शिक्षणाची सुरुवात गुजराती शाळेत झाली, नंतर इंग्रजी शाळा, आणि पुढे वयाच्या अकराबाराव्या वर्षी बडोदे. आईवडिलांपासून दूर राहून शिकणाऱ्या मुलांना आजी म्हणजे काय असते ते वेगळे सांगायला नको.

बडोदे तेव्हा सयाजीराव गायकवाडांचे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून दत्तक गेलेल्या या राजाने शाळा, ग्रंथालये, संग्रहालय आणि महाविद्यालय यांवर सढळ हाताने खर्च केला. त्या महाविद्यालयात अदरजी मसानी हे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक होते. दाराशांना भूशास्त्राची गोडी त्यांनी लावली. वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास रीतसर झाला. पण भूशास्त्राचे शिक्षण त्या काळी आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी मिळे. तेव्हा बडोद्याच्या संग्रहालयात मांडलेले दगड, खनिजे आणि जीवाश्म हाताळून, पाहून, पुस्तकांशी ताडून त्यांनी बरेचसे स्वतःच शिकून घेतले. बडोदे कॉलेज त्या वेळी मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे वाडियांच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचे नाव होते, त्याच विद्यापीठाचे नाव आमच्या गुणपत्रिकांवर असते. मला ही गोष्ट उगाचच मोठी वाटते, हे मी कबूल करतो.

१९०७ च्या सुमारास ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. वय तेवीसचोवीस. तिथे त्यांनी भूशास्त्राबरोबर इंग्रजीही शिकविले. कॉलेजच्या खिडकीतून शिवालिकच्या टेकड्या दिसत असणार आणि त्यांच्यामागे हिमालय. सुट्ट्या लागल्या की हे गृहस्थ हातोडी, होकायंत्र आणि पोती घेऊन डोंगरात जात. शिवालिकच्या वाळूखडकात त्यांना स्टेगोडॉन नावाच्या प्राचीन हत्तीच्या जातीचा अवशेष सापडला. त्याचा सुळा सुमारे तीन मीटर लांब होता.

जम्मूत त्यांना एक अडचण रोज जाणवे. वर्गातल्या मुलांना भारताचे भूशास्त्र शिकवायचे, पण त्यासाठी विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल असे पुस्तकच नव्हते. सरकारी भूशास्त्र खात्याचे अहवाल होते. ते तज्ज्ञांसाठी, शेकडो भागांत विखुरलेले. वाडियांनी ते सर्व वाचून, त्यात आपले पाहिलेले घालून एक पुस्तक सिद्ध केले. १९१९ साली ते लंडनच्या मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले. तेच हे जाडजूड पुस्तक. पुढे अर्धशतकभर ते त्यात नवी भर घालीत राहिले. जम्मूसारख्या लहान गावच्या कॉलेजातील मास्तराने, मुलांना पुस्तक नाही म्हणून लिहिलेला हा ग्रंथ सबंध देशाचे क्रमिक पुस्तक झाला. त्यांना पुढे पुष्कळ पदके मिळाली. ती यादी कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. मला विचाराल तर हे पुस्तक त्या सर्वांपेक्षा मोठे.

१९२१ साली ते भारतीय भूशास्त्र सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. वयाची अडतिशी आली होती. या खात्यातील अधिकारी बहुतेक इंग्रज. जे थोडे हिंदी लोक होते ते विलायतेची पदवी घेऊन आलेले. विलायती पदवी नसताना त्या जागेवर घेतले गेलेले वाडिया हे पहिले हिंदी भूशास्त्रज्ञ. ज्या वयात सरकारी नोकर बढतीची वाट पाहत बसतात, त्या वयात त्यांनी तंबूतले आयुष्य नव्याने सुरू केले. पुंछ, काश्मीर, हजारा, गिलगिट असा मुलूख त्यांच्या वाट्याला आला. त्या काळी विमानातून काढलेली छायाचित्रे नव्हती. दरीत उतरायचे, खडक फोडायचा, थराचा कल मोजायचा, नकाशावर खूण करायची आणि पुन्हा चढायचे. नमुन्यांच्या पोत्यांचे ओझे कोणाच्या तरी पाठीवर असणारच. ओझे म्हटले की माझे लक्ष आधी तिकडेच जाते.

या पायपिटीतून १९३१ साली त्यांचा सर्वांत गाजलेला निबंध निघाला. हिमालयाची रांग आग्नेयेकडून वायव्येकडे येते आणि काश्मीरच्या पलीकडे एकाएकी वळून दक्षिणेकडे, हजाऱ्याकडे जाते. माणसाने गुडघा वाकवावा तसे हे वळण आहे. येथे दोन निरनिराळ्या पर्वतरांगा येऊन मिळतात, असा जुना समज होता. वाडियांनी वळणाच्या एका बाजूचे थर चालत चालत दुसऱ्या बाजूपर्यंत नेले. तेच खडक, त्याच क्रमाने, वळणाभोवती फिरून पलीकडे जातात असे त्यांना दिसले. तेव्हा पर्वत एकच. भारताच्या प्राचीन कठीण भूमीची एक जीभ पंजाबच्या मैदानाखालून उत्तरेकडे गेली आहे, आणि समुद्रातल्या गाळाचे थर दाबले जाताना या जिभेभोवती मुडपले गेले, असे त्यांनी मांडले. भूखंडे सरकतात ही कल्पना भूशास्त्रात सर्वमान्य होण्याला अजून तीस-पस्तीस वर्षे अवकाश होता.

या गुडघ्याच्या अगदी वाटीवर नंगा पर्वत उभा आहे. उंची ८,१२६ मीटर. पायथ्याशी सिंधू नदी वाहते. तिच्या पात्रापासून शिखरापर्यंत सुमारे सात हजार मीटरची उभारी. वाडियांनी या भागाचा भूशास्त्रीय वृत्तांत १९३२ साली प्रसिद्ध केला. येथेच आमच्या मूळ प्रश्नाशी गाठ पडते, म्हणून थोडे थांबतो.

ग्रॅनाइट म्हटला की आपल्याला स्वयंपाकघरातला ओटा आठवतो. दुकानात काळा कुळकुळीत ग्रॅनाइट म्हणून जो मिळतो तो शास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसतोच. खरा ग्रॅनाइट फिकट, राखी किंवा गुलाबी असतो. त्यात काचेसारखे क्वार्ट्झ, पांढरे वा गुलाबी फेल्स्पार आणि चमकणारे अभ्रक असे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मोठ्या पर्वतांच्या गाभ्यात हा दगड हमखास सापडतो. तो तिथे आला कसा? एक पक्ष म्हणे की खोल जागी वितळलेला शिलारस वर चढून जुन्या खडकांत घुसला आणि थंड झाला. दुसरा पक्ष म्हणे की जागच्या जागी जुने गाळाचे खडकच उष्णतेने आणि पाझरणाऱ्या द्रवांनी बदलून ग्रॅनाइट झाले. पहिल्या पक्षात अमेरिकेतील नॉर्मन बोवेन, दुसऱ्याकडे झुकणारे इंग्लंडातील हर्बर्ट रीड, अशी १९४० च्या सुमारास चांगलीच जुंपली होती. नंगा पर्वतही या भांडणातून सुटला नाही. पीटर मिश नावाच्या जर्मन भूशास्त्रज्ञाने तो १९३४ च्या जर्मन मोहिमेबरोबर जाऊन पाहिला आणि तेथील खडक जागच्या जागी बदलून झाले असे मत पुढे मांडले.

वाडियांनी काय केले? त्यांनी नंगा पर्वताच्या पट्टेदार खडकांत दोन जाती वेगळ्या केल्या. काही पट्टे जुन्या गाळाचे, रूपांतर झालेले. हा गाळ त्यांनी किशनगंगेच्या खोऱ्यातील एका गावावरून सालखला नावाने ओळखला होता. काही पट्टे मात्र घुसलेल्या ग्रॅनाइटचे, नंतर दाबाने चेपलेले. शिवाय हिमालयाच्या ग्रॅनाइटचे खनिजांवरून तीन प्रकार आपल्या पुस्तकात त्यांनी दिले आहेत: काळ्या अभ्रकाचा, हॉर्नब्लेंड या गडद खनिजाचा, आणि टूर्मलीनचा. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे कोणाची शीर कोणाला छेदून जाते यावरून ठरवायचे. पण एक शिरा दुसरीला छेदते एवढेच डोळ्यांना दिसते. ती किती वर्षांनी छेदते, आणि वितळण्यापूर्वी तो दगड काय होता, हे हातोडी सांगत नाही. त्या काळात हिमालयाचे जवळजवळ सारखे दिसणारे ग्रॅनाइट एका कुळाचे की अनेक, हे ठरवायला साधनच नव्हते.

ते साधन रसायनशास्त्राने दिले, आणि मला हा भाग एखाद्या पोलिसी तपासासारखा वाटतो. रुबिडियम नावाच्या मूलद्रव्याचा एक प्रकार, रुबिडियम ८७, अतिशय मंद गतीने स्ट्राँशियम ८७ मध्ये बदलतो. निम्मा भाग बदलायला सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात. पृथ्वीच्या वरच्या कवचात रुबिडियम भरपूर, तर खालच्या प्रावरणात अत्यल्प. म्हणून कवचातल्या जुन्या खडकात स्ट्राँशियम ८७ साठत जाते, प्रावरणात ते फारसे वाढत नाही. दगड वितळला तरी हे प्रमाण पुसले जात नाही. वितळलेल्या रसात ते जसेच्या तसे उतरते. स्ट्राँशियम ८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर प्रावरणातून आलेल्या शिलारसात ०.७०३ ते ०.७०४ च्या आसपास असते. ग्रॅनाइट गोठला त्या वेळी हे गुणोत्तर किती होते ते गणिताने काढता येते. ते त्याच्या जवळ आले तर दगडाचे मूळ खोल. बरेच वर गेले तर तो कवचातल्या जुन्या खडकांचा पुनर्जन्म. दगडाची जातकुळी अशी त्याच्या रक्तातच लिहिलेली असते.

ही कसोटी १९७० नंतर हिमालयाला लावली गेली. सिंधूच्या उत्तरेस लडाखमध्ये जो हॉर्नब्लेंडयुक्त ग्रॅनाइट आहे, त्याचे गुणोत्तर बव्हंशी ०.७०४ ते ०.७०५ भरले. वय साधारण पाच-सहा कोटी वर्षे. भारत आशियाला भिडण्यापूर्वी मधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली सरकत होता. त्या घडामोडीत खालून आलेला हा रस. उलट उंच हिमालयातील पांढऱ्याशुभ्र टूर्मलीन ग्रॅनाइटचे, उदाहरणार्थ नेपाळमधील मनास्लूचे, गुणोत्तर ०.७४ किंवा त्याहूनही अधिक. त्याचे वय जेमतेम दोन कोटी वर्षे. हा टक्कर झाल्यानंतरचा, गाळाचेच खडक वितळून झालेला ग्रॅनाइट. त्यातले टूर्मलीन ज्या बोरॉनपासून बनते, तेही मातीच्या गाळातून आलेले. आणि मंडीसारख्या ठिकाणचा अभ्रकाचा ग्रॅनाइट निघाला पन्नास कोटी वर्षांचा, म्हणजे हिमालय जन्मण्याच्या फार आधीचा. नंगा पर्वताने तर कमालच केली. तेथील काही पट्टेदार खडक सुमारे १८५ कोटी वर्षांचे, आणि त्यांना छेदणाऱ्या काही पांढऱ्या शिरा अवघ्या दहा ते तीस लाख वर्षांच्या. भूशास्त्राच्या हिशेबाने हे कालपरवाचे झाले.

वाडियांच्या काळी ही आकडेवारी असती तर त्यांच्या काही मतांत बदल झाला असता, यात शंका नाही. वयांच्या बाबतीत त्यांना अंदाजच करावा लागला. परंतु खनिजे पाहून केलेली तीन गटांची विभागणी यंत्रांच्या कसोटीलाही पुष्कळशी उतरली. हॉर्नब्लेंडचा ग्रॅनाइट आणि टूर्मलीनचा ग्रॅनाइट हे खरोखरच वेगळ्या कुळांचे ठरले. प्रयोगशाळेत मूठभर भुकटी जाते. ती मूठ कोणत्या शिरेची, कोणत्या थराला छेदणाऱ्या, हे नकाशावर आधी कोणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले नसेल तर आकड्याला काडीचीही किंमत नाही.

१९३८ साली सरकारी खात्यातून निवृत्त होऊन ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, सरकारी खनिजतज्ज्ञ म्हणून गेले आणि १९४४ पर्यंत तेथे राहिले. ते बेट जवळजवळ सगळे अतिप्राचीन पट्टेदार खडकांचे. परत आल्यावर ते भारत सरकारचे भूशास्त्रविषयक सल्लागार झाले, आणि १९४९ साली अणुशक्ती आयोगाने कच्च्या मालाच्या शोधासाठी जो विभाग उघडला त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. युरेनियम आणि थोरियम यांचे अणू आकाराने मोठे असल्याने नेहमीच्या खनिजांत त्यांना जागा मिळत नाही. शिलारस गोठत आला की उरलेल्या रसात ते साठतात आणि बरेचदा ग्रॅनाइटपाशी सापडतात. मूलद्रव्यांच्या या स्वभावाचे नियम व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी नॉर्वेत आणि जर्मनीत बसून शोधले होते. वाडियांचा विभाग ते मुलखात वापरीत होता. बिहारमधील सिंहभूम जिल्ह्यात, जो आज झारखंडात आहे, जादुगुडा येथे १९५१ साली युरेनियमचा साठा मिळाला. या विभागाचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. अणुशक्तीचा पुढे कसकसा उपयोग झाला याविषयी मतभेद असू शकतात. तो विषय येथे नको.

१९५७ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय भूशास्त्रज्ञ. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद दिल्लीत भरली, ती आशियातील पहिलीच, आणि तिचे अध्यक्ष वाडिया होते. परंतु त्यांचे मन हिमालयातच असावे. कारण पंच्याऐंशीच्या घरात असताना, १९६८ साली, त्यांनी हिमालयाच्या भूशास्त्रासाठी स्वतंत्र संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. दिल्ली विद्यापीठातल्या काही खोल्यांत तिची सुरुवात झाली. १५ जून १९६९ रोजी वाडिया निवर्तले. संस्था १९७६ मध्ये डेहराडूनला गेली आणि तिला त्यांचे नाव देण्यात आले. हिमालयातील ग्रॅनाइटच्या भुकटीवर समस्थानिकांच्या कसोट्या आज त्या संस्थेतही चालतात.

आता मालाडच्या दगडाचे. तो ट्रॅकाइट जातीचा, सिलिका अधिक असलेला लाव्हा. जवळच मनोरी येथील अशाच दगडाचे वय सुमारे सहा कोटी वर्षे भरले आहे. सह्याद्रीचा बहुतेक काळा बेसाल्ट त्याच्या थोडा आधीचा, सुमारे साडेसहा कोटींचा. मुंबईच्या या फिकट दगडांना १९८० नंतर हिमालयातलीच कसोटी लावण्यात आली, आणि त्यांचे नाते मुख्यतः बेसाल्टशीच जुळते असे दिसले. म्हणजे कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळा हे शेवटी भाऊबंदच.

हे मी आजोबांना सांगितले तेव्हा ते ओट्यावर बसून तंबाखू मळीत होते. स्ट्राँशियमचे मला नीट समजावता आले नाही. मग त्यांनी आत जाऊन कोनाड्यातून आपली जुनी छिन्नी आणली, माझ्या हातात दिली आणि सरांना दाखव म्हणून सांगितले. टोकाला अजून पिवळी भुकटी आहे. ती मी पुसलेली नाही.